महापॅलेट : रचना, चाचणी व विल्हेवाट

आयशॅडो पॅलेट म्हणजे पापणीला लावायच्या, दाबून बसवलेल्या रंगीत भुकट्यांची आरशासह येणारी चपटी पेटी. खण सहा असले तर तिला डबी म्हणतात, बारा असले तर पॅलेट. तिसाच्या वर गेले की ती वस्तू प्रसाधनाच्या खात्यातून निघून प्रतिष्ठेच्या खात्यात जमा होते. या शेवटच्या जातीला येथे महापॅलेट म्हटले आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात ती मोची गल्लीत, सावेडीच्या दुकानांत आणि कुरिअरच्या खोक्यांत आढळते. लग्नसराईत तिची आवक वाढते. बस्ता बांधायला कापड बाजारात उतरलेली मंडळी शालू, सफारी आणि मानपानाच्या साड्या उरकून ‘मेकअपच्या सामाना’कडे वळतात, तेव्हा पैसे संपत आलेले असतात आणि बरोबर आलेल्या सात बायकांची मते अजून शाबूत असतात. एका रंगावर एकमत होत नाही, म्हणून सगळे रंग असलेली पेटी घेतली जाते. कुटुंबात शांतता नांदते, हा महापॅलेटचा पहिला आणि बहुधा सर्वांत टिकाऊ उपयोग.

या जातीचा गाजावाजा अमेरिकेतून आला. नोव्हेंबर २०१८ मध्ये मॉर्फी या कंपनीने यूट्यूबवरच्या जेम्स चार्ल्सच्या नावाने ३९ छटांची पेटी ३९ डॉलरला काढली. पुढच्या वर्षी १ नोव्हेंबरला यूट्यूबवरच्याच जेफ्री स्टार आणि शेन डॉसन यांची जेमतेम १८ छटांची पेटी विक्रीला आली आणि गर्दीने विक्रीची वेबसाइटच कोलमडली. वस्तू हातात येण्याआधी महिनाभर तिच्यावर चित्रफिती येतात, ‘संपत आली’ अशी हाकाटी होते, आणि पेटी उघडण्याच्याच वेगळ्या चित्रफिती निघतात. पापणीला रंग लागल्यानंतरचे वाङ्मय त्या मानाने फार थोडे आहे.

३९ या आकड्याचा हिशेब एकदा मांडून पाहावा. पापणीवर एका वेळी तीन छटा लावण्याची पद्धत आहे. ३९ छटांतून तीन-तीनच्या ९,१३९ जोडण्या होतात. नवरीने लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून रोज एक जोडणी वापरली तर शेवटची जोडणी लग्नाच्या रौप्यमहोत्सवाच्या सुमारास लागेल. पेट्यांच्या पाठीवर मात्र उघड्या बरणीचे एक बारीक चित्र असते आणि त्यात १२ किंवा २४ असा आकडा असतो. उघडल्यापासून तेवढ्याच महिन्यांत माल वापरायचा असतो. हे चित्र सहसा कोणी पाहत नाही, पाहिले तर ते गुलकंदाच्या बरणीचे समजतात. क्षेत्रफळाचा हिशेब तर आणखी बोलका आहे. राज्यातल्या सर्वांत मोठ्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या १७,०४८ चौरस किलोमीटरला १४ तालुके पुरले. पापणीच्या काही चौरस सेंटिमीटरला ३९ विभाग लागतात.

खणातली भुकटी मुख्यतः शंखजिऱ्याची, म्हणजे टाल्कची असते. ती एकजीव राहावी म्हणून मॅग्नेशियम किंवा झिंक स्टिअरेट आणि थोडे तेल किंवा सिलिकोन घालून ती साच्यात दाबतात. तपकिरी, तांबडा, पिवळा आणि काळा हे रंग लोखंडाच्या ऑक्साइडांचे, म्हणजे गंजाचे सुशिक्षित भाऊबंद. चकाकी येते ती अभ्रकामुळे. अभ्रकाच्या पापुद्र्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढवतात. त्या थराची जाडी किंचित बदलली की परावर्तित प्रकाशाचा रंग बदलतो आणि तीच भुकटी सोनेरीची हिरवट किंवा निळसर दिसू लागते. पेटीतले खरे नवल हेच आहे. जाहिरातीत मात्र याचा उल्लेख नसतो, तिथे छटांची नावे असतात. ही नावे बारशाच्या पाळण्यापेक्षाही विचारपूर्वक ठेवलेली असतात. त्यांवरून रंग कोणता हे ओळखता येऊ नये, एवढी एकच अट पाळलेली दिसते.

काही छटांना आणखी एक विशेष आहे. डोळ्यांभोवती वापरायला अमेरिकेत मान्यता नसलेले काही भडक लाल-गुलाबी रंग डोळ्यांच्या पेटीत घालता यावेत म्हणून तिकडच्या कित्येक कंपन्या त्यांना आयशॅडो म्हणतच नाहीत, ‘दाबलेले रंगद्रव्य’ म्हणतात, आणि ‘डोळ्यांभोवती वापरासाठी नाही’ अशी टीप मागे छापतात. अक्षर एवढे बारीक असते की ते वाचायला डोळे चांगले असावे लागतात.

चाचणीचा पहिला टप्पा हातावर होतो. बोटाने एकेक रंग मनगटाच्या आतल्या बाजूला ओढतात. तिथली कातडी उजळ आणि गुळगुळीत असते, तिला घडी पडत नाही, ती मिचकत नाही. थोडक्यात, पापणीत नसलेले सगळे गुण तिच्यात असतात. त्यामुळे हातावर पेटी नेहमी उत्तीर्ण होते. पापणीवर पहिल्या रांगेतल्या फिकट छटा गव्हाळ किंवा सावळ्या रंगावर एकतर दिसेनाशा होतात, नाहीतर राख फासल्यासारख्या उमटतात. त्या बनवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे दख्खनचे ऊन नव्हते. गडद निळी छटा पापणीवर कमी आणि गालावर जास्त पडते. ती पुसायला गेले की पसरते आणि पसरली की तिला जुळवून घेण्यासाठी दुसऱ्या गालावरही थोडी लावावी लागते. लाल छटेचा अनुभव वेगळाच. नेवासे-शेवगावकडे हळदीच्या दिवशी ती लावून बसलेल्या मुलीला एखादी चुलती हमखास विचारते, “डोळं आल्यात का गं? मग पुढं नको बसू, समद्यांना लागण व्हायची.”

याच जिल्ह्यात डोळे रंगवण्याची एक जुनी शाळा आहे. तमाशातली पहिली स्त्री कलावंत मानल्या जाणाऱ्या पवळाबाई संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावच्या. कांताबाई सातारकरांचा फडही संगमनेरचाच. फडातली रंगपेटी म्हणजे पत्र्याची ट्रंक. जुन्या रंगभूषेचा ऐवज सफेदा, पिवडी, मुर्दाडशिंग, हिंगूळ, काजळ आणि चकाकीला अभ्रक, एवढाच. राहुटीत हातआरशात बघून एवढ्यावर काढलेला डोळा जत्रेच्या मैदानात शेवटच्या रांगेतल्या माणसाला दिसत असे. डोळा लांबून दिसणे हेच त्या रंगाचे काम होते आणि ते काजळाच्या एका रेघेने व्हायचे. अर्थात जुने ते सोने म्हणून सुटका नाही. चेहऱ्याला लावायचे मुर्दाडशिंग म्हणजे शिशाचे ऑक्साइड आणि हिंगूळ म्हणजे पाऱ्याचा क्षार. कलेची किंमत कातडीने मोजली जायची. आज रंगासाठी शिसे किंवा आर्सेनिक वापरलेले प्रसाधन विकायला कायद्याने बंदी आहे, आणि डोळ्यांच्या प्रसाधनातल्या पाऱ्यावरही कायद्याचे बंधन आहे. हा नियम खऱ्या पेटीला लागू पडतो. तिच्याच रंगरूपाची, नावात एक अक्षर कमी-जास्त असलेली, चौथाई किमतीची पेटी फुटपाथवर मिळते. तिच्यात काय आहे हे फक्त ती बनवणाऱ्याला ठाऊक, आणि त्याचे नाव पेटीवर नसते.

लग्नात प्रत्यक्ष काम पार्लरवाली ताई करते. ती महापॅलेट बघते, “भारी आहे हं,” म्हणते आणि बाजूला ठेवते. मग स्वतःच्या कळकट डबीतली एक मॅट तपकिरी छटा पापणीच्या घडीत ब्रशने फिरवते आणि अनामिकेने सोनेरी चकाकी मधोमध टेकवते. बोटाच्या उबेने चकाकी नीट बसते, हे ती कुठल्याही चित्रफितीत शिकलेली नसते. यानंतर नवरी लॉन्सवर येते. तिथल्या फिरत्या जांभळ्या दिव्यांत सोनेरी, तपकिरी आणि निळा हे तिन्ही जांभळेच दिसतात. शिवाय डोळे उघडे असताना पापणी घडीत जाते, त्यामुळे रंग कोणालाच दिसत नाही. म्हणून छायाचित्रकार “ताई, जरा खाली बघा,” असे सांगतो. नवरीने खाली मान घालण्याची जुनी रीत अशी आयशॅडोच्या कामी आली. एप्रिल-मेच्या उन्हात मंगलाष्टके संपेपर्यंत सगळा माल पापणीच्या घडीत एका रेघेत गोळा होतो.

लग्नानंतर पेटी कपाटात जाते आणि नवरात्रात बाहेर येते. रोजच्या ठरलेल्या रंगाची साडी नेसून केडगावच्या देवीला किंवा मोहट्याला जाताना त्या रंगाची छटा पापणीवर लागते. वर्षातले हे नऊ दिवस हिरव्या-जांभळ्या खणांचे. दोन वर्षांनी पाहावे तर तपकिरी आणि सोनेरी खणांचा तळ, म्हणजे चकचकीत पत्रा, दिसू लागलेला असतो, बाकीचे खण जसेच्या तसे, आणि मुदत संपलेली. पुढे घरातली मुले तिच्यातून गणपतीच्या मखराला चकाकी देतात. पेटी डोळ्यांपासून दूर गेलेली असल्याने हा वापर निर्धोक आहे.

ज्यांना घ्यायचेच आहे त्यांनी चार-सहा खणांची डबी घ्यावी. तीत एक मॅट तपकिरी आणि एक सोनेरी असावी. पेटीवर उत्पादकाचे नाव, बॅच क्रमांक, मुदत आणि माल परदेशी असल्यास आयातदाराचा नोंदणी क्रमांक पाहावा. वाचलेल्या पैशात बरा प्रायमर आणि मेकअप उतरवायचे तेल येते. रात्री झोपण्यापूर्वी रंग उतरवावा. डोळे चुरचुरले तर पेटी केराच्या टोपलीत टाकून डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावे. ती कितीला घेतली होती हे आठवत बसू नये.