तक्रारपेटीबाईंना अनावृत पत्र

आदरणीय तक्रारपेटीबाई यांस,

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपल्याला पत्र लिहिणारं फारसं कुणी उरलेलं नाही, आणि शाळा त्याचा अर्थ ‘आमच्याकडे तक्रारच नाही’ असा लावून वार्षिक अहवालात तसं छापूनही टाकतात. आपण एकच असून राज्यातल्या असंख्य माध्यमिक शाळांत एकाच वेळी टांगलेल्या आहात. 2017 साली शासनाने परिपत्रक काढलं आणि मुख्याध्यापकांच्या दालनाबाहेर, सुविचाराचा फळा आणि पिण्याच्या पाण्याची टाकी यांच्या मधल्या जागेत आपली प्रतिष्ठापना झाली. अंगावर पांढऱ्या ऑइलपेंटने नाव, वर नाणं जाईल एवढी फट, खाली छोटं कुलूप आणि त्याची किल्ली हेडक्लार्कच्या ड्रॉवरमध्ये. मग बदलापूरच्या एका शाळेत लहान मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याची घटना घडली, लोक रुळांवर उतरले आणि 21 ऑगस्ट 2024 च्या शासन निर्णयाने शाळांना महिन्याभरात सीसीटीव्ही लावायला सांगितलं. शाळांना कॅमेऱ्यासाठी सर्वात मोक्याची जागा आपल्या डोक्यावरचीच सापडली. आता ज्या मुलीला नाव न सांगता चिठ्ठी टाकायची आहे, तिने मधल्या सुट्टीत, स्टुलावरच्या शिपाईकाकांसमोर, मुख्याध्यापकांच्या दारात, कॅमेऱ्याकडे तोंड करून ती टाकायची. शासनाच्याच दोन सुरक्षा अशा एकमेकींच्या उरावर बसल्या आहेत आणि तपासणीच्या तक्त्यात मात्र दोन्हींपुढे बरोबरची खूण आहे.

आपल्याला कुणी लिहीत नाही याचा दोष आपला नाही, हे आधीच सांगतो. दोष भिंतीपलीकडच्या वर्गात आहे, आणि तोही छापील. शाळेच्या डायरीची पहिली पानं उघडून पाहा. केसांना तेल असावं, दोन वेण्या असाव्यात, रिबिनी ठरल्या रंगाच्याच असाव्यात, मेंदी नको, नखं नकोत, वाढदिवसालाही गणवेशच हवा, मुलामुलींनी जिन्यात घोळका करू नये. माध्यमिक शाळेइतकी बारीक नजर सोनाराचीही नसते. रिबीन अर्ध्या बोटाने सैल झालेली तिला मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून दिसते. हे नियम विनोदी आहेत, पण निरुपद्रवी म्हणून सोडून देता येतील. खरा नियम शेवटच्या दोन-तीन ओळींत असतो: शिक्षकांना उलट उत्तर देऊ नये, दिलेली शिक्षा निमूटपणे स्वीकारावी, शाळेच्या नावाला बाधा येईल असं वर्तन करू नये. आणि त्याच डायरीच्या मलपृष्ठावर, हल्लीच्या सूचनेप्रमाणे, कुणी त्रास दिल्यास न घाबरता सांगा, असं लिहून 1098 हा बाल मदतवाहिनीचा क्रमांक दिलेला असतो. वर्षाचे दोनशेहून अधिक दिवस मोठ्यांपुढे ब्र काढायचा नाही याची तालीम घ्यायची, आणि एका भयंकर दिवशी त्याच मुलाने त्याच मोठ्यांपैकी एकाविरुद्ध लेखी निवेदन द्यावं अशी अपेक्षा ठेवायची! माझं म्हणणं एवढंच आहे की शिस्तीचं पान आणि सुरक्षेचं पान एकमेकांविरुद्ध लिहिलेली आहेत, आणि रोज सराव पहिल्याचा होत असल्यामुळे जिंकतंही तेच.

हे मी हवेत बोलत नाही. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 मध्ये तेरा राज्यांतल्या बारा हजारांहून जास्त मुलांशी बोलून एक अहवाल प्रसिद्ध केला. शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी 65 टक्के, म्हणजे तिघांतल्या दोघांनी, शाळेत मार खाल्ल्याचं सांगितलं. लैंगिक अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे लोक मुलाच्या ओळखीचे किंवा त्याची जबाबदारी असलेले निघाले. आणि बाई, आपल्या खात्याशी थेट संबंध असलेला निष्कर्ष असा, की बहुसंख्य मुलांनी ही गोष्ट कुणालाही सांगितली नव्हती. हे आकडे जुने आहेत, मधल्या काळात कायदे आले, हे खरं. पण नोव्हेंबर 2025 मध्ये वसईतल्या एका शाळेत उशिरा आलेल्या सहावीतल्या मुलीला पाठीवर दप्तर असतानाच शंभर उठाबशा काढायला लावल्याचा आरोप झाला आणि काही दिवसांत तिचा मृत्यू झाला. मृत्यूचं नेमकं कारण काय, जबाबदारी कुणाची, हे तपास आणि न्यायालय ठरवेल. मला त्यातली दुसरीच गोष्ट छळते. आरोप खरा धरला तर त्या मुलीने डायरीतला नियम तंतोतंत पाळला होता. दिलेली शिक्षा निमूटपणे स्वीकारली होती. दहा-वीस उठाबशांनंतर ‘बाई, मला त्रास होतोय, मी थांबते’ असं म्हणून खाली बसणं आपल्या शाळांत ‘उद्धटपणा’ या सदरात जमा होतं.

बदलापूरने हेच उलट बाजूने दाखवलं. तिथल्या मुली लहान होत्या, माध्यमिकच्या नव्हत्या. पण त्या घटनेचं खापर फुटलं सगळ्या शाळांवर आणि उपाय ठरला कॅमेऱ्याचा. त्या शाळेत कॅमेरे होतेच. तेव्हाच्या शालेय शिक्षणमंत्र्यांनी त्यांचं पंधरा दिवसांचं चित्रण सापडत नसल्याचं स्वतः सांगितलं होतं. घटना उघडकीला आली ती बालवाडीच्या वयाची मुलगी घरी बोलली म्हणून, आणि घरच्यांनी तिला गप्प बसवलं नाही म्हणून. पोलिसांनी गुन्हा नोंदवायला लावलेल्या विलंबाबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने पुढे खडे बोल सुनावले. म्हणजे यंत्रणेच्या साखळीतली सगळी मोठी माणसं अडखळली, फक्त सर्वात लहान कडी चालली. यावरून कुणी असा निष्कर्ष काढला असता की मुलांचं बोलणं ही राज्यातली सर्वात भरवशाची सुरक्षा व्यवस्था आहे, तर बरं झालं असतं. शासनाने काढलेला निष्कर्ष असा की मुख्याध्यापकांनी आठवड्यातून किमान तीनदा फुटेज तपासावं. कॅमेरा निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही. व्हरांड्यात कोण कधी आलं याचा पुरावा लागतोच. पण कॅमेरा व्हरांडा पाहतो. स्वच्छतागृहात तो बसवता येत नाही, प्रयोगशाळेच्या साहित्याच्या खोलीत, व्हॅनच्या मागच्या बाकावर आणि रात्री साडेदहाला सरांनी पाठवलेल्या मेसेजमध्ये तो नसतो.

‘शाळेच्या नावाला बाधा’ या ओळीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण ती मुलांपेक्षा मोठ्यांनीच मनावर घेतलेली दिसते. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पोक्सो कायदा 2012 चा आहे. त्याच्या कलम 19 प्रमाणे अत्याचाराची माहिती किंवा शंका आलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवायचं असतं. आधी संस्थेची बैठक, मग आपसांत चौकशी, मग पालकांना बोलावून ‘मुलीच्या भविष्याचा विचार करा’, असा क्रम त्यात कुठेही नाही. हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला कलम 21 मध्ये एक वर्षापर्यंत कैद आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलींच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये बजावलं की माहिती असून न कळवणं हा किरकोळ कसूर नव्हे, गंभीर गुन्हा आहे. तरीही शाळेत काही घडलं की पहिला फोन जातो तो विश्वस्तांना. दुसरा बहुधा वकिलांना. मुलांनी शाळेचं नाव राखावं म्हणून डायरीत नियम आहे; मुलाचं नाव, म्हणजे त्याची ओळख, माध्यमांतून बाहेर फुटू नये म्हणून त्याच पोक्सोत कलम 23 आहे. पहिला नियम तोंडपाठ असलेली आणि दुसऱ्याचं नावही न ऐकलेली स्टाफरूम मिळणं अजिबात कठीण नाही.

आता आपल्या शेजारच्या दालनातून येणारा आक्षेप. ‘साठ-सत्तर पोरांचा वर्ग, त्यात आठवी-नववीचं वय, वरून निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहिती भरणं, पोषण आहाराचा हिशेब. हात उचलायचा नाही, ओरडायचं नाही, मग आम्ही शिकवायचं कसं?’ हा आक्षेप थट्टेवारी नेण्यासारखा नाही. इतक्या मोठ्या वर्गात एकट्या माणसाला उभं करणं हाही त्या माणसावरचा अन्यायच आहे, आणि पूर्णवेळ समुपदेशक नेमण्यापेक्षा शिक्षकालाच दोन दिवसांचं प्रशिक्षण देऊन समुपदेशक म्हणवून घेणं शासनाला स्वस्त पडतं. पण यातून फार तर असं ठरतं की नियम हवेत. नियम मुलाने विचारू नयेत असेच हवेत, हे त्यातून निघत नाही. जिन्यात धावू नका, कारण चेंगराचेंगरी होते. प्रयोगशाळेत केस बांधा, कारण समोर बर्नर पेटलेला असतो. असे नियम नववीच्या पोराला कारणासकट सांगता येतात आणि ते तो, कुरकुरत का होईना, पाळतो. मेंदीने विज्ञानाच्या आकलनात कोणता अडथळा येतो ते मात्र कुणालाच सांगता येत नाही, म्हणून तिथे आवाज चढवावा लागतो. शिवाय धाकाची साधनं शाळेकडे छडीवाचूनही भरपूर आहेत. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद केले, पण तो कायदा चौदा वर्षांपर्यंतचा. त्यापुढे अठरापर्यंत बाल न्याय कायद्यातलं क्रूरतेचं कलम लागू आहे, हे किती शाळांच्या भिंतीवर लिहिलेलं असतं? नववी-दहावीच्या मुलाला ठाऊक असतं ते एवढंच, की बहुतेक विषयांतले 20 गुण सरांच्या हातात आहेत आणि दाखल्यावर ‘वर्तणूक’ नावाचा एक रकाना आहे. ज्याच्या पेनात आपले वीस गुण आहेत त्याच्याविरुद्ध चिठ्ठी टाकायला चौदा-पंधराव्या वर्षी जे धाडस लागतं, ते चाळीस वर्षांच्या किती माणसांनी आपल्या साहेबाविरुद्ध दाखवलं आहे?

दुसरा आक्षेप खालच्या आवाजात येतो: खोट्या तक्रारी. शिक्षक घाबरलेले आहेत, आणि गावच्या राजकारणात, संस्थेतल्या गटबाजीत एखाद्याला अडकवण्यासाठी मुलांना पुढे केलं जाऊ शकतं, ही भीती निव्वळ काल्पनिक नाही. बदनाम करण्यासाठी खोटी तक्रार करणाऱ्या मोठ्या माणसाला पोक्सोच्याच कलम 22 मध्ये शिक्षा आहे. मुलाला मात्र त्यातून वगळलं आहे, आणि ते योग्यच आहे. पण कलमापेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. ज्या शाळेत वर्षभर काहीच ऐकून घेतलं जात नाही, तिथे पहिली तक्रार थेट पोलीस ठाण्यात किंवा व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात फुटते. तिथे निर्दोष शिक्षकही दोन तासांत गुन्हेगार ठरतो, कारण आधीची एकही नोंद, एकही बैठक, एकही कागद त्याच्या बाजूने बोलायला उभा नसतो. दर आठवड्याला पेटी उघडली जाते, चिठ्ठ्यांची नोंद होते, पालक प्रतिनिधी सही करतो, अशी सवय असलेल्या शाळेत सरळ माणसाचं रक्षण जास्त चांगलं होतं. तेव्हा शिक्षकांनी आपल्याला घाबरू नये, बाई. रिकाम्या आपल्याला घाबरावं.

आपल्या मैत्रिणीबद्दलही दोन शब्द. 2022 मध्ये मुलींच्या सुरक्षेसाठी शाळाशाळांत ‘सखी सावित्री’ समिती आली. नाव इतकं थोर की कामाची चौकशी करायचा धीर होत नाही. शेणगोळे झेलत शाळेत शिकवायला गेलेल्या बाईच्या नावाची समिती बऱ्याच ठिकाणी फ्लेक्सवर, अध्यक्षांच्या हसऱ्या फोटोसह, सुखरूप आहे. ही समिती बोलणार काय आणि मुली तिला सांगणार कोणत्या शब्दांत? 2007 साली किशोरवयीन शिक्षणाच्या कार्यक्रमाला आपल्या राज्याने संस्कृतीच्या नावाने विरोध केला, आणि तेव्हापासून तो विषय विज्ञानाच्या बाईंनी पान उलटून संपवायचा असतो. शरीराच्या अवयवाचं नाव वर्गात उच्चारणं हे गैरवर्तन, आणि तेच नाव तक्रारीत नसलं तर तक्रार मोघम! पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीला छापलेली प्रतिज्ञा मुलं रोज म्हणतात. तिच्यात वडीलधाऱ्यांचा मान ठेवण्याचं वचन आहे, आणि प्रत्येकाशी सौजन्याने वागण्याचंही आहे. त्या ‘प्रत्येकात’ विद्यार्थी बसतात, असा माझा प्रामाणिक समज आहे.

आपल्याकडून फार अपेक्षा नाहीत. कॅमेऱ्याखालून उठून जिन्याच्या वळणावर किंवा वाचनालयात बसावं. किल्ली एकट्या कार्यालयाकडे असू नये. महिन्यात किती चिठ्ठ्या आल्या आणि किती निकाली निघाल्या, एवढे दोनच आकडे सुविचाराच्या फळ्यावर लिहिले जावेत. आणि सलग तीन महिने शून्य आलं तर शिक्षणाधिकाऱ्यांनी अभिनंदनाचं पत्र न पाठवता स्वतः यावं. सुरुवातीला आपल्या पोटात मोठं काही सापडणार नाही. वर्गशिक्षक पक्षपात करतात, डब्यातलं चोरलं, कुणाचं तरी कुणावर प्रेम आहे, असंच निघेल. त्यातच एक चिठ्ठी मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराची कडी तुटल्याची असेल, बहुधा चौथ्यांदा लिहिलेली. ती कडी आठ दिवसांत बसवून घ्यावी. त्याला ठराव लागत नाही, समिती लागत नाही, कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळते. लिहिलेलं वाचलं जातं हे मुलींना एकदा दिसलं, की पुढच्या चिठ्ठीत त्या काय लिहितील ते वाचायची तयारी मात्र शाळेने आतापासूनच ठेवावी.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक पालक

ता. क. हे पत्र आपल्यात टाकत नाही, छापायला देत आहे. आपलं कुलूप गंजलंय.