फुकटचे स्कोअरर

क्रिकेटची जगभर गाजलेली वेबसाइट जन्मावी कुठे? मुंबईत नाही, लंडनमध्येही नाही. १९९३ साली, बेसबॉलवेड्या अमेरिकेत, मिनेसोटा विद्यापीठात! सायमन किंग या ब्रिटिश संशोधकाला तिथे धावफलक कळेना, आणि परदेशी शिकणाऱ्या भारतीय पोरांनाही. मग एकमेकांचं तोंडही न पाहिलेले हे दोस्त रात्री जागून चेंडूगणिक वर्णन टाइप करू लागले. कॉम्प्युटर विद्यापीठाचा, वीज विद्यापीठाची. प्रबंध काय, होईल सवडीनं.

पगार? छे! स्वयंसेवक म्हटलं की तो प्रश्नच मिटतो.

क्रिकइन्फोनं असं बाळसं धरलं. डॉट-कॉमच्या लाटेत गुंतवणूकदार आले. लाट ओसरली, खर्च तेवढा उरला. २००३मध्ये क्रिकेट-वार्षिकवाल्या विस्डेननं ही वेबसाइट घेतली, २००७मध्ये ईएसपीएननं. आता तिथे पगारी संपादक आहेत, आणि जाहिरातीही.