हयातीचा दाखला

डार्ट ही प्रोग्रामिंगची भाषा स्वभावाने संशयी आहे. एखादी किंमत 'नल', म्हणजे मुळात नसलेलीच, निघण्याची शक्यता असेल तर तिच्या प्रकारापुढे प्रश्नचिन्ह लावल्याशिवाय ती तुम्हाला पुढे सरकू देत नाही. हे वळण तिला मार्च २०२१ मध्ये, २.१२ या आवृत्तीबरोबर लागलं. दोन वर्षांनी तिसरी आवृत्ती आली आणि यातून सवलत मागायची सोयही गेली.

तिचा संशय अगदीच अनाठायी नाही. टोनी होअर यांनी १९६५ साली अल्गॉल डब्ल्यू या भाषेत नलला जागा दिली, कारण ते करायला फार सोपं होतं. २००९ मध्ये त्यांनीच नलला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. सोपं ते महाग पडतं, हे आपल्याकडच्या कुठल्याही आजीनं फुकटात सांगितलं असतं.

आता फोन नंबरांची एक यादी घ्या. काहींनी नंबर दिले, काहींनी नाही. 'व्हेअर' लावून तुम्ही सांगता, नल नसलेले तेवढे ठेव. भाषा इमानेइतबारे ठेवते. तरी पुढच्याच ओळीखाली लाल रेघ उमटते: यात एखादा नल असला तर? किंमती गाळल्या गेल्या, पण यादीच्या प्रकारावरचं प्रश्नचिन्ह जागच्या जागी. 'रिमूव्हव्हेअर'नं मूळ यादी झाडली तरी तेच. धडधाकट पेन्शनर खिडकीपुढे उभा राहून वाद घालतोय आणि आतला कारकून हयातीचा दाखला मागतोय!

हा दाखला 'व्हेअरटाइप' देतो, तिसऱ्या आवृत्तीपासून 'नॉननल्स'ही देतो. दोघे नल गाळतात आणि वर नवा, प्रश्नचिन्हाविना प्रकारही लिहून देतात. कोटलिन या दुसऱ्या भाषेत हेच काम 'फिल्टरनॉटनल' करतो. उतावळी मंडळी मात्र प्रत्येक किंमतीपुढे उद्गारचिन्ह ठोकतात: मी सांगतो ना, नल नाही! कोटलिनमध्ये तर दोन उद्गारचिन्हं लागतात. शब्द खोटा ठरला की चालता प्रोग्राम जागीच आडवा होतो.

गाळलेल्या यादीत एक गोष्ट मात्र हरवते. पाचवा नल गेला की सहावा गुपचूप पाचव्याच्या जागी येऊन बसतो, आणि नंबर कुणी दिला नव्हता हे कळायला मार्ग उरत नाही. म्हणून मूळ यादी जपून ठेवावी. आपल्याला नंबर द्यायचं कुणी टाळलं, हे प्रोग्रामला नको असलं तरी आपल्याला पुढेमागे उपयोगी पडतं.