हसलो, पण साडेसहाच गुण

सदाशिव पेठेतला रसिक विनोदाला हसत नाही, विनोद पास करतो. टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांवर त्याचं प्रेम नाही असं मात्र कुणी समजू नये. प्रेम इतकं, की 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' लागली की पेरूगेटापासून नागनाथ पारापर्यंत कुणाच्या घरी फोन करायची सोय नाही. फक्त कार्यक्रम चालू असताना हसून वेळ दवडायची पद्धत इथे नाही. हसलं की पुढचं वाक्य निसटतं, आणि पुढचं वाक्यच निसटलं तर त्यातली चूक काढायची कशी?

आमच्या सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मुळात टाकीचं पाणी, पंप आणि लिफ्ट यांच्यासाठी निघाला. आता त्यावर कुणी पाण्याचं विचारलं तर लोक वैतागतात, कारण स्किटवरची चर्चा तुटते. दुसऱ्या मजल्यावरचे काका हे ग्रुपचे स्वयंनियुक्त परीक्षक. बँकेतून निवृत्त झाले, पण खतावणी सुटली नाही. भाग संपतो, जाहिरात सुरू व्हायच्या आत निकाल येतो : 'समीर चौघुले उत्तम. उत्तरार्ध सैल. दहापैकी साडेसहा.' हे गुण कमी वाटले तर तो पेठेबाहेरच्यांचा गैरसमज. काकांनी स्वतःच्या मुलीच्या लग्नातल्या जेवणाला सहा दिले होते.

दोष काकांचा नाही, पत्त्याचा आहे. याच पेठेत भरत नाट्य मंदिर आहे आणि तिथे महाराष्ट्रीय कलोपासकची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा होते. कॉलेजची पोरं रात्र रात्र जागून एकांकिका बसवतात, घसा बसेपर्यंत घोषणा देतात. २०२२ मध्ये परीक्षकांनी सगळं शांतपणे पाहिलं आणि करंडक कुणालाच द्यायचा नाही असं ठरवलं. बाहेर गदारोळ झाला. काका त्या दिवशी बऱ्याच वर्षांनी समाधानाने झोपले. आता, ज्या पेठेत करंडक समोर असूनही देत नाहीत, तिथल्या माणसाने हास्यजत्रेत प्रसाद ओक आणि सई ताम्हणकर यांना परीक्षकांच्या खुर्चीत बसून पोट धरून हसताना बघायचं, हे कसं पचावं? परीक्षक हसला म्हणजे पेपर फुटला, असं काकांचं स्वच्छ मत आहे.

त्यांची मापं कृष्णधवल काळातली. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झालं, पुढच्या वर्षी सिंहगडावरून त्याचं प्रक्षेपण पुण्याला मिळू लागलं आणि वाड्यावाड्यातल्या अँटेना गडाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. वाड्यात टीव्ही एकच, तो मालकांचा. चिं. वि. जोशींचे चिमणराव झालेले दिलीप प्रभावळकर आणि गुंड्याभाऊ झालेले बाळ कर्वे पडद्यावर आले, की बिऱ्हाडकरू आधी मालकांच्या तोंडाकडे बघत. मालक हसले की सगळे हसत. अमेरिकेत चार्ली डग्लस नावाच्या ध्वनितंत्रज्ञाने १९५० च्या दशकात यासाठी चक्क एक यंत्र बनवलं होतं. बटण दाबलं की रेकॉर्ड केलेलं हसू बाहेर. आमच्याकडे ते काम वाड्याचे मालक करत, भाडं मात्र वेगळं घेत.

पुढे २००१ मध्ये प्रभावळकर 'श्रीयुत गंगाधर टिपरे'चे आबा होऊन आले, तेव्हा त्यांची स्वतःची साठीसुद्धा उलटली नव्हती. काकांनी त्या मालिकेला गुणच दिले नाहीत. 'त्यांना गुण देणारे आपण कोण?' म्हणाले. पेठेत हे वाक्य तेव्हा एकदाच उच्चारलं गेलं.

खरी पंचाईत नंतर झाली. २०१४ मध्ये 'चला हवा येऊ द्या' सुरू झालं आणि भारत गणेशपुरेंची वऱ्हाडी थेट दिवाणखान्यात येऊन बसली. मग हास्यजत्रेतून पवईच्या फिल्टरपाड्याचा गौरव मोरे आला. मराठी विनोदाचं मुख्यालय हललं, आणि हलवताना पेठेचं ना-हरकत प्रमाणपत्रही कुणी मागितलं नाही. काका हसले. काकूंनी डोळ्यांनी पाहिलं, साक्ष द्यायलाही तयार आहेत. ग्रुपवर मात्र निकाल आला : 'उच्चारांकडे लक्ष हवे. सहा.' माझं विचाराल तर त्या उच्चारांनीच या कार्यक्रमांत जीव आणला. पण हे मी ग्रुपवर लिहीत नाही, मला लिफ्ट वापरायची असते.

स्किटमध्ये पुणेकर आला की ग्रुपला खरा कंठ फुटतो. बाहेरच्यांना वाटतं, थट्टा केली म्हणून चिडत असतील. छे! खवट, चिक्कू, दुपारी एक ते चार दार न उघडणारा पुणेकर दाखवला याबद्दल कुणाचीच तक्रार नसते. तक्रार ही, की तो पुरेसा खवट नव्हता. '"चहा घेऊनच आला असाल" हे आम्ही केव्हाच बंद केलं,' तळमजल्यावरच्या आजींनी एकदा लिहिलं, 'आता दारातच बोलतो, आत घेतच नाही. लेखकाने अभ्यास वाढवावा.' त्याखाली अंगठ्यांची रांग लागली.

तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा अख्खा भाग कधीच बघत नाही. मोबाइलवर तुकडे बघतो आणि ग्रुपवर रडेस्तोवर हसणारा पिवळा चेहरा टाकतो. काकांनी त्याच्याकडे लेखी खुलासा मागितला : 'पूर्वार्ध न पाहता हसू कशाच्या आधारे आले?' खुलासा अजून आलेला नाही.

गेल्या आठवड्यात नम्रता संभेरावच्या एका स्किटला काकू इतक्या मोठ्याने हसल्या, की डक्टमधून आवाज चौथ्या मजल्यापर्यंत गेला. सकाळी लिफ्टमध्ये सेक्रेटरींची पाटी : 'रात्री दहानंतर मोठ्याने हसू नये. हसू आवरत नसल्यास कार्यक्रम बदलावा.' काकांनी पाटीचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं : 'पहिले वाक्य अनावश्यक. दुसरे उत्तम. साडेसात.'