चेन-ट्रॅक्टरांचा मोह : एक व्याख्यान

(पडदा उघडतो. मेज, पाण्याचा पेला, जाडजूड वही. व्याख्याता प्रेक्षकांकडे न पाहता वाचू लागतो.)

चाकांऐवजी पोलादी पट्ट्यांच्या साखळीवर चालणाऱ्या, आणि वजन मोठ्या पृष्ठभागावर पसरल्याने चिखलातही न रुतणाऱ्या यंत्रास चेन-ट्रॅक्टर म्हणतात. बेंजामिन होल्ट यांनी १९०४ साली कॅलिफोर्नियात त्याची चाचणी घेतली ती भुसभुशीत, दलदलीच्या शेतांसाठी, आणि भाताच्या आवणात गुडघाभर चिखल तुडवणाऱ्या, खोपोलीजवळच्या साजगावकरास होल्ट यांची अडचण समजावून सांगावी लागत नाही. भारत सरकारने १९४९ साली कांस नावाच्या खोल मुळांच्या तणाने व्यापलेली जमीन नांगरण्यासाठी जागतिक बँकेकडून एक कोटी डॉलरांचे कर्ज काढून अशी यंत्रे आणली. सबब, ऋण काढून ट्रॅक्टर घेण्याची प्रथा जुने चेन-ट्रॅक्टर जमवणाऱ्या संग्राहकाने सुरू केलेली नाही, याची त्याच्या सासुरवाडीने नोंद घ्यावी.

साजगावात कार्तिकी एकादशीपासून भरणाऱ्या बोंबल्या विठोबाच्या यात्रेतील बैलबाजारात गिऱ्हाईक जनावराचा जबडा उघडून दात पाहते. संग्राहक तितक्याच गांभीर्याने उकिडवा बसून साखळी ओढणाऱ्या दातेरी चाकाचे, म्हणजे स्प्रॉकेटचे, दात पाहतो. दात झिजलेले दिसले की बैलवाला सौदा मोडतो. संग्राहक इसार देतो.

(वही मिटतो. अदृश्य दोरी ओढतो. पुन्हा ओढतो. कंबर धरतो.)

१९३१ पासून पुढे कित्येक वर्षे कॅटरपिलर कंपनीच्या चेन-ट्रॅक्टरांत डिझेल इंजिनाशेजारी ते सुरू करण्यापुरते एक लहान पेट्रोल इंजिन असे. आधी लहान्यास जागे करावयाचे, ते तापले की क्लच जोडून थोरल्यास फिरवावयाचे, तेलाचा दाब चढेपर्यंत थांबावयाचे आणि मगच डिझेल सोडावयाचे. अर्थात एका इंजिनास उठवण्यासाठी दुसरे, दुसऱ्यास उठवण्यासाठी मनुष्य, आणि रविवारी सकाळी त्या मनुष्यास उठवण्यासाठी गृहिणी अशी ही उतरंड असून, बिघाड बहुधा मधल्या कडीत आढळतो.

वळण्यासाठी दोन दांडे असतात. डावा ओढला की डाव्या साखळीची ताकद तुटून यंत्र डावीकडे वळते. उतारावर मात्र, ते स्वतःच्या भारानेच ढकलले जात असता, सुटलेली डावी साखळी पुढे पळते आणि यंत्र उजवीकडे वळते. बोरघाटाच्या पायथ्याशी हा छंद करणाऱ्याने एवढे विज्ञान घराबाहेर पडण्यापूर्वी वाचावे.

आता खरे आकर्षण. चारचाकी बाळगणाऱ्या साजगावकरास कोणीही खोपोली स्टेशनावर सोडण्याची गळ घालतो. चेन-ट्रॅक्टरवाल्यास कोणी घालत नाही, कारण माणसाच्या चालीने निघून लोकल गाठता येत नाही आणि पोलादी पट्टे डांबर उखडतात ते वेगळेच. असे स्वातंत्र्य अन्य कोणतेही वाहन देत नाही.

यास्तव संग्राहक दुसरा ट्रॅक्टर घेतो, ज्याची घरी ओळख ‘सुटे भाग’ अशी करून दिली जाते. पुढे ग्रीस लावता लावता त्या ‘सुट्या भागां’ची त्यास दया येते, ते खोलण्यास हात धजत नाही, उलट त्यांनाही चालू करावे असे वाटू लागते, आणि तेव्हा सुट्या भागांसाठी तिसऱ्याची चौकशी करणे अर्थातच क्रमप्राप्त ठरते.

(फोन वाजतो. व्याख्याता दबक्या आवाजात भाव विचारत विंगेत जातो.)