अस्सलराव

प्राचीन ग्रीक संगीताची मैफल अथेन्सला असो, व्हिएन्नाला असो की ऑक्सफर्डला, अस्सलराव तिथे असतात. कडेची खुर्ची पकडून. नाराजीनं उठून जायचं झालं तर सोय हवी! जात मात्र कधीच नाहीत. शेवटपर्यंत बसल्याशिवाय सगळ्या चुका कशा हाती लागणार?

कासवाच्या पाठीची लायर दिसली की आधी तारा चाचपतात. "नायलॉन!" हा शब्द ते असा उच्चारतात, की शेजारच्या बाई पर्स पोटाशी धरतात. तारा मेंढीच्या आतड्याच्या निघाल्या, तर मेंढी कुठली, हा प्रश्न तयारच. औलॉसवाल्याचे हाल तर विचारू नका. दोन हातांत दोन नळ्या, तोंडावर चामड्याचा पट्टा, आणि आपल्या सनईवाल्यांसारखी गालात हवा धरून अखंड फुंक. बिचारा घामाघूम होऊन थांबतो, तर हे विचारतात, "पत्तीचा बोरू कोपाइस तळ्यातला का?" प्राचीन ग्रीक लेखक थिओफ्रास्टसनं त्या तळ्याचा बोरू वाखाणलाय. ते तळं कधीच उपसलं गेलं, आज तिथे शेतं आहेत, हे अस्सलरावांना पक्कं ठाऊक आहे. म्हणून तर विचारतात.

उच्चारांचंही तेच. अथेन्सचा गायक आजच्या ग्रीकमध्ये गायला, तर तो 'बीटा'चा 'व' करतो म्हणून बाद. विद्यापीठी माणूस इरॅस्मसच्या वळणानं गायला, तर इरॅस्मस सोळाव्या शतकातला डच म्हणून तोही बाद. मग खरा उच्चार कसा? अस्सलराव घसा खाकरतात आणि पाणी पितात.

त्यांचा खरा राग 1894 सालावर. आदल्या वर्षी डेल्फीला अपोलोचं स्तोत्र सापडलं, दगडावर, स्वरांच्या खुणांसकट. मग पॅरिसला ज्या परिषदेत ऑलिम्पिक पुन्हा भरवायचं ठरलं, तिथे ते गायलं गेलं, आणि गाब्रिएल फोरेनं त्याला चक्क आपल्या काळच्या हार्मनीची साथ लिहून दिली! फोरेला त्यांनी अजून माफ केलेलं नाही. ऑलिम्पिकही ते टीव्हीचा आवाज बंद करून बघतात.

बरं, माणूस खोटं बोलतो असंही नाही. स्वरलिपीसह उरलेल्या रचना साठएक, त्यातही बहुतेक तुकडेच. जुना लेखक अलिपियस याच्या स्वरखुणांच्या कोष्टकांमुळे स्वर वाचता येतात. आवाज कसा लावायचा, लय किती धरायची, हा सगळा अंदाजपंचे कारभार. पूर्ण म्हणावं असं गाणं सेइकिलॉसच्या समाधिशिळेवरचं. तीही 1883 साली उजेडात आली आणि पुढे कुणीतरी कुंडी नीट बसावी म्हणून तिचा तळ कापून टाकला. शिळा आता कोपनहेगनला आहे. अस्सलराव तिथे जाऊन आले. कापलेल्या कडेबद्दल तासभर बोलले, गाण्याबद्दल, "ठीक आहे."

युरिपिडीसच्या 'ओरेस्टीस'मधल्या कोरसचा एक तुकडा व्हिएन्नात पपायरसवर आहे, पार फाटका. गाणारे मधल्या जागा आपल्या अकलेनं भरून काढतात. एका गायिकेनं मात्र तो फाटका तसाच गायला. पपायरस संपला की ही गप्प. लोक चुळबुळू लागले, एकानं चुकून टाळीही वाजवली. अस्सलरावांनी डोळे मिटले. मान डोलली, चक्क डोलली! तेवढ्यात तिनं पुढचा शब्द उचलला, आणि ते दचकून माझ्याकडे वळले.

"घाई केली हो! भोक याहून मोठं आहे."