१ जूनचे गुरुजी

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर चाळिशी ओलांडलेल्या माणसाला जन्मतारीख विचारा. बहुधा '१ जून' हेच उत्तर येईल. एका दिवसात एवढी बाळंतपणं उरकणारी सुईण या मुलखात झाली नाही. ही किमया पहिलीत नाव घालणाऱ्या गुरुजींची.

हे गुरुजी मूळचे घाटावरचे. नेमणूक मोखाड्याला, आणि रुजू झाल्या दिवसापासून बदलीची खटपट. पुढ्यात रजिस्टर आणि डोक्यात शुद्ध नावांचा साठा. इकडे वारली-कोकण्यांच्या घरात नाव ठेवायची रीत सुटसुटीत. सोमवारी झाला तो सोम्या, मंगळवारचा मंगळ्या, पोरगी असली तर बुधी, नाहीतर शुक्री. सण आडवा आला तर शिमग्या. गुरुजींच्या कानाला हे टोचतं. सोम्याचा सोमनाथ होतो, मंगळ्याचा मंगेश होतो. शिमग्यापाशी मात्र लेखणी अडते. गुरुजी थोडा वेळ खिडकीबाहेर बघतात आणि 'शिरीष' लिहितात.

एखादी आई हटकते. "गुरजी, पोऱ्या बुधवारचा हाय. बुध्याच लिवा."

"अहो बाई, उद्या मामलेदार झाला तर लोकांनी काय बुध्यासाहेब म्हणायचं?"

रजिस्टरात पडतं: बुद्धिसागर, जन्म १ जून १९८२. त्या दिवशी मंगळवार होता. बाईकडे जन्माचा एकच पुरावा होता, तो गुरुजींनी शुद्धलेखनात खोडला. (१ मे २०१४ पासून जन्मलेल्यांच्या नावात आता वडिलांच्या आधी आईचं नाव लागतं. बुध्याच्या आईला साधा रकानाही नव्हता.)

कुणी आक्षेप घेतलाच तर गुरुजी थेट जव्हार संस्थानात शिरतात. जयबा मुकण्यांच्या मुलाला दिल्लीच्या सुलतानाने राजा म्हणून मान्यता दिली आणि धुळबारावांचे निमशहा झाले. तो दिवस ५ जून १३४३. संस्थानाने त्या दिवसापासून आपला शकच सुरू केला. "राजाला नवं नाव चालतं, मग शिमग्याला का चालू नये?" गुरुजींचा शक चार दिवस आधी सुरू होतो, एवढाच काय तो फरक.

आडनावाच्या रकान्यात तर त्यांची रसवंती खुलते. वाघ, पवार, जाधव, प्रत्येकाची व्युत्पत्ती तयार. पण मुकणे राजघराण्यात आहेत तसे कातकऱ्यांतही आहेत. वीटभट्टीवरून परतलेल्या बापाने 'मुकणे' म्हटलं की गुरुजींना आधी जयविलास राजवाडा आठवतो, मग त्यांची नजर बापाच्या अनवाणी पायांकडे जाते आणि त्या दिवशी व्युत्पत्ती आवरती घेतली जाते. वर्गात एखादा जव्हारकर असावा ही त्यांची जुनी हौस. पण जव्हारकर व्हायला आधी जव्हार सोडावं लागतं, आणि इथे गुरुजींचीच बदली होत नाही.

शेवटी ते मोखाड्यातच निवृत्त झाले, ३१ मे रोजी. कारण त्यांचीही जन्मतारीख १ जूनच. त्यांनाही कुणीतरी गुरुजींनीच शाळेत घातलं होतं. निरोप समारंभात हार-तुरे झाले, बुद्धिसागर आणि शिरीष यांची भाषणं झाली. एवढ्यात गावाकडून आलेले थोरले बंधू मागच्या रांगेतून ओरडले, "दगड्या, आवर लवकर! शेवटची एसटी चुकेल!"